पाळी नियमित करण्यासाठी गोळी निवडताना मनाचाही हिशोब ठेवा

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं आणि त्यावर आईचा दुधाचा हिशोब. दीड लिटर, एक लिटर, ‘नको’. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने पाळीची फुली मारायचे. बाविसाव्या वर्षी फुल्या विरळ व्हायला लागल्या. एकदा ५० दिवसांनी, मग ७२ दिवसांनी. सोनोग्राफी झाली, पीसीओडीचा (म्हणजेच पीसीओएस, हार्मोन बिघडून पाळी लांबण्याचा आजार) शिक्का बसला, गर्भनिरोधक गोळी सुरू झाली. पाळी पहिल्या महिन्यापासून वेळेवर. तिसऱ्या महिन्यात मात्र भाजी निवडता निवडता रडू फुटायला लागलं. अर्धं पाकीट तसंच कपाटात टाकलं आणि पुढची चार वर्षं ‘मला हार्मोन्स सोसत नाहीत’ असं भेटेल त्याला सांगत राहिले.

मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी विचारलं, “अगं, गोळीच्या आधी कशी होतीस? आणि रडू यायचं ते पांढऱ्या गोळ्यांच्या दिवसांत की शेवटच्या काळपट गोळ्यांच्या?” (पांढऱ्या गोळ्यांत हार्मोन असतं, काळपट नुसत्या लोहाच्या.) मला सांगता येईना. फुल्या होत्या, मनाची नोंद एकही नव्हती. मी डॉक्टर नाही, आणि गोळी ठरवायची ती डॉक्टरांशी बोलूनच. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी आणि बसून आल्यावर आपल्या हातात बरंच असतं. ते क्रमाने सांगते.

गोळीच्या आधी दोन महिने लिहा

घाई नसेल तर गोळी सुरू करण्याआधी दोन महिने रोज रात्री फक्त एक आकडा लिहायचा. १ म्हणजे दिवस बरा गेला, ५ म्हणजे असह्य झाला. आकड्यापुढे एकदोन शब्द: झोप नाही, चिडचिड, रडू, छातीत धडधड. अंगावरून जात असेल तर फुली. घरात काही घडलं असेल तर तेही, म्हणजे ऑफिसातला मार्च एंड, सासूबाईंचं ऑपरेशन, मुलाची दहावी. मोबाइलवर ॲप आहेतच, पण मला भिंतीवरचं कॅलेंडर बरं वाटतं, कारण अख्खा महिना एका नजरेत दिसतो. घरच्यांनी आकडे वाचू नयेत असं वाटत असेल तर पर्समधली छोटी डायरी घ्या.

दोन महिन्यांनी त्या आकड्यांत काहीतरी आकार दिसतो. पाळीच्या आधी आठ-दहा दिवस ४ आणि ५, पाळी सुरू झाली की दोनतीन दिवसांत १ आणि २, असं दोन्ही वेळा झालं असेल तर तो पाळीआधीचा त्रास, म्हणजे पीएमएस. तो इतका तीव्र असेल की नवऱ्याशी, बॉसशी, मुलांशी संबंध बिघडतात, कामावर जाववत नाही, तर त्याला पीएमडीडी म्हणतात. त्याचं निदान आठवणीवर न करता दोन पाळीचक्रांच्या रोजच्या नोंदीवरच करायचं असतं. उलट आकडे महिनाभर ३-४ वर सपाट असतील, पाळी येऊन गेल्यावरही उतरत नसतील, तर दुखणं पाळीपुरतं नाही. ते नैराश्य असू शकतं, थायरॉइड असू शकतो, नुसती अपुरी झोपही असू शकते.

ज्यांची पाळी दोन-दोन महिने येत नाही त्यांच्यासाठी एक गोम आहे. पीसीओएसमध्ये पुष्कळदा अंडं बाहेरच पडत नाही, त्यामुळे ‘पाळीआधीचे दिवस’ असं काही ठरत नाही. त्यांनीही लिहावं. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्य आणि चिंता मुळातच जास्त आढळतात. गोळीच्या आधीचा आकडा कागदावर नसेल तर नंतर सगळा दोष गोळीच्या नावावर जातो. माझं नेमकं तेच झालं.

पाळी का चुकते ते आधी शोधा

दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ३५ दिवस असेल आणि ते एखाद्या महिन्यात चारपाच दिवस मागेपुढे झालं तर ती अनियमित पाळी नव्हे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोनतीन वर्षं मुलींची पाळी लांबते, तेही बहुतेकदा आपोआप बसतं. त्यापलीकडे असेल तर तपासण्या गोळीच्या आधी करून घ्या, कारण गोळी चालू असताना काढलेल्या बऱ्याच हार्मोन रिपोर्टांना अर्थ राहत नाही.

पहिली तपासणी प्रेग्नन्सीची. लग्न झालंय की नाही हा प्रश्न इथे गैरलागू आहे, आणि हे डॉक्टरांना एकटीने सांगता यावं म्हणून बरोबर आलेल्या आईला किंवा मावशीला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगायला अजिबात लाजू नये. मग टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), हिमोग्लोबिन. चेहऱ्यावर केस, हट्टी मुरुम, मानेवर काळेपणा असेल तर टेस्टोस्टेरॉन आणि साखर. सोनोग्राफी लागली तर. सोनोग्राफीत ‘पीसीओ’ (पुष्कळ छोट्या फोडांचं अंडाशय) दिसलं एवढ्यावरून पीसीओएस ठरत नाही. पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफी या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी लागतात आणि थायरॉइडसारखी कारणं वगळावी लागतात. टीएसएचवर मी अडून बसते, कारण थायरॉइड मंद असेल तर पाळीही बिघडते आणि मनही खचतं.

चाळिशी ओलांडलेली असताना अंगावरून खूप जायला लागलं, दोन पाळ्यांच्या मध्येच जायला लागलं किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर ‘पाळी नियमित करायची गोळी’ हे त्याचं पहिलं उत्तर नाही. आधी पिशवीची तपासणी.

गोळी नेमकं काय करते

अमेरिकेत पहिल्या गोळीला १९५७ मध्ये परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधक म्हणून ती १९६० मध्ये आली. तेव्हा पाळीसाठी गर्भनिरोधक गोळी घेणं यात विचित्र काही नाही, आणि अविवाहित मुलीच्या पर्समध्ये ती सापडली म्हणून घरात सभा भरवायचंही कारण नाही.

नेहमीच्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन्स असतात. ती अंडं बाहेर पडू देत नाहीत आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ ठेवतात. २१ दिवसांनी हार्मोन थांबलं की अस्तर सुटतं. पाकिटातल्या शेवटच्या दिवसांत जे रक्त जातं ती खरी पाळी नसते. गोळी तारीख बांधून देते, मूळ बिघाड दुरुस्त करत नाही. गोळी बंद केल्यावर पीसीओएसची पाळी पुन्हा लांबली तर ‘गोळीने सवय लावली’ असं म्हणतात, पण ती आधीही लांबतच होती. ‘लग्नाआधी गोळी घेतली तर मूल होत नाही’ हाही असाच गैरसमज.

एक पर्याय फार कमी जणींना सांगितला जातो. गर्भनिरोध नको असेल, चेहऱ्यावर केस-मुरुमांची तक्रार नसेल आणि फक्त अस्तर साचू नये एवढीच गरज असेल, तर रोजच्या गोळीऐवजी दोनतीन महिन्यांतून एकदा दहाएक दिवस नुसतं प्रोजेस्टेरॉन घेऊन पाळी आणता येते. मनाच्या बाबतीत हळव्या असलेल्या बाईने हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारावा. त्या दहा दिवसांतही काहींना सुस्ती आणि उदासी येते, पण दहाच दिवस.

हे आधी तपासा, मग नाव विचारा

रक्तदाब मोजल्याशिवाय इस्ट्रोजेनची गोळी सुरू करू नका. १४०/९० किंवा वर असेल तर सहसा देत नाहीत, १६०/१०० किंवा वर असेल तर अजिबात नाही. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली, स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, यकृताचा गंभीर आजार, बाळंतपणाला सहा आठवडे न झालेली अंगावर पाजणारी आई, पस्तिशीच्या पुढची सिगारेट ओढणारी स्त्री, या सगळ्यांना ही गोळी वर्ज्य. आई किंवा बहिणीला तरुणपणी गुठळी झाली असेल तर ते सांगा. मशेरी लावत असाल तर तेही सांगा. आपल्याकडे ते तंबाखूत धरतच नाहीत.

अर्धशिशीबद्दल नीट सांगा. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा येतात, अर्धं चित्र दिसेनासं होतं, हाताला किंवा ओठाला मुंग्या येतात, असं होत असेल तर इस्ट्रोजेन नको. त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. ‘डोकं दुखतं का?’ या प्रश्नाला नुसतं ‘हो, कधीकधी’ म्हटलं तर हे निसटून जातं.

चालू औषधांची यादी लिहून न्या. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटांची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांनी गोळीचा परिणाम कमी होतो. फिटांवरच्याच लॅमोट्रिजिनचं उलटं आहे: इस्ट्रोजेनमुळे रक्तातलं लॅमोट्रिजिनच कमी होतं. हे औषध बायपोलरमध्येही देतात, त्यामुळे गोळी सुरू केल्यावर मन घसरलं तर दोष गोळीतल्या हार्मोनचा नसून औषध अपुरं पडल्याचा असू शकतो. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सहा ते बारा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा, डोस वाढवावा लागतो कधीकधी. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या (एसएसआरआय) मात्र बिनदिक्कत बरोबर चालतात. नैराश्य आहे म्हणून गोळी घेताच येत नाही, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमावलीत नैराश्य ही गोळीला अडचण धरलेली नाही. पण मानसोपचारतज्ज्ञ आणि गायनॅक या दोघांना एकमेकांचं प्रिस्क्रिप्शन दिसायला हवं, आणि ते दाखवायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

पाकिटाच्या मागचं वाचा

कंपनीचं नाव विसरा. पाकिटाच्या मागे दोन नावं असतात, ती बघा. इस्ट्रोजेन बहुतेक पाकिटांत एकच, एथिनिल इस्ट्राडिओल, २०, ३० किंवा ३५ मायक्रोग्रॅम. २० मध्ये मळमळ कमी, पण मधूनच डाग पडण्याची शक्यता जास्त. फरक पडतो तो दुसऱ्या नावाने, म्हणजे प्रोजेस्टिनने.

लेव्होनॉर्जेस्ट्रेल सगळ्यात जुनं आणि स्वस्त. सरकारी ‘माला-एन’मध्ये हेच आहे, १५० मायक्रोग्रॅम, बरोबर ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन, शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या. आशाताईंकडे मिळते, आणि आरोग्य केंद्रात तर फुकट. फुकट म्हणून हलकी समजू नका. गुठळीचा धोका सगळ्या गोळ्यांत असतो, पण या गटात तो त्यातल्या त्यात कमी. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये दिलेला हिशोब असा: गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना गुठळी होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेलवाल्यांत ५ ते ७, डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोनवाल्यांत ९ ते १२. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून जास्त असतो, हेही लक्षात ठेवा.

ड्रोस्पिरेनोन मुरुमांना आणि अंगावर पाणी साचण्याला बरं. मनाच्या दृष्टीने त्याचं महत्त्व वेगळं आहे. ३ मिलिग्रॅम ड्रोस्पिरेनोन, २० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन, २४ दिवस औषध आणि ४ दिवस कोरी (हार्मोन नसलेली) गोळी, या मांडणीला अमेरिकेत २००६ मध्ये पीएमडीडीसाठीही परवानगी मिळाली. तुमच्या कॅलेंडरवर पाळीआधीचे ५ आणि नंतरचे १ स्पष्ट दिसत असतील तर डॉक्टरांकडे हिचंच नाव काढा. हेच घटक २१ गोळ्यांच्या पाकिटातही मिळतात, म्हणून मेडिकलमधून आणताना गोळ्या मोजा. किडनीचा आजार किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची औषधं असतील तर ही नको.

सायप्रोटेरॉन असलेली गोळी पीसीओएसला सर्रास लिहून देतात. केस आणि मुरुम यांवर ती चांगली, पण निव्वळ पाळीच्या तारखेसाठी तिची गरज नसते. पूर्वी नैराश्य येऊन गेलेलं असेल तर मी तरी ती पहिली निवड करणार नाही.

आणि संशोधन काय म्हणतं? डेन्मार्कमध्ये १५ ते ३४ वयाच्या दहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन हार्मोन्सची गोळी घेणाऱ्यांना नैराश्यावरचं औषध पहिल्यांदा लागण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे १.२ पट होतं. १५ ते १९ वयाच्या मुलींत ते १.८ पट. म्हणजे बहुतेकींना काही होत नाही, थोड्यांना होतं, आणि कोवळ्या वयात डोळे जास्त उघडे ठेवायचे. कारण गोळीच की आणखी काही, हे त्या अभ्यासाने सिद्ध होत नाही. अमुक गोळीने मन हमखास नीट राहील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

नियमितपणा हवा असेल तर गर्भनिरोधक इंजेक्शन (सरकारी ‘अंतरा’) कामाचं नाही. त्याने आधी वेडंवाकडं अंगावरून जातं आणि मग पाळी थांबते. शिवाय मन बिघडलं तर तीन महिने ते शरीरातून काढता येत नाही. ‘छाया’ ही हार्मोन नसलेली साप्ताहिक गोळी, पण तीही पाळी लांबवते. खूप रक्त जात असेल तर हार्मोनची तांबी (गर्भाशयात बसवायचं साधन) उत्तम, मात्र तारीख ती पाळत नाही.

सुरुवात आणि विसरलेल्या गोळ्या

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करा. पाळी येतच नसेल तर प्रेग्नन्सी टेस्ट करून डॉक्टर सांगतील त्या दिवशी, आणि मग पहिले सात दिवस गर्भनिरोधासाठी तिच्यावर भिस्त नको. वेळ रात्रीची ठेवा, जेवणानंतर. मळमळ झोपेत निघून जाते. मी पाकीट टूथब्रशच्या ग्लासात ठेवायचे.

एक विसरली तर आठवताच घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त विसरल्या तर शेवटची विसरलेली घ्या, पुढे रोजच्यासारखं चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. पाकिटाच्या पहिल्याच आठवड्यात हे झालं असेल आणि संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीबद्दल विचारा. नुसत्या पाळीसाठी घेत असाल तर विसरण्याची शिक्षा म्हणजे मधेच पडणारे डाग आणि त्यापाठोपाठ हार्मोन एकदम उतरल्याने येणारा चिडका दिवस. तोही कॅलेंडरवर लिहा.

गौरी-गणपती, लग्न, सत्यनारायण आला की आपल्याकडे मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या परस्पर आणतात. रोजची गोळी चालू असताना त्यांची काही गरज नसते. हार्मोनच्या सगळ्या गोळ्या एकसारख्या असलेलं पाकीट असेल तर कोऱ्या गोळ्या सोडून लगेच पुढचं पाकीट सुरू केलं की पाळी येत नाही. वरून नॉरएथिस्टेरॉन (पाळी ढकलायच्या गोळीतलं हार्मोन) घेतलं तर डोसही उगाच वाढतो आणि महिन्याची सगळी नोंद वाया.

तीन महिन्यांनी आकडे वाचायचे कसे

पहिल्या दोनतीन महिन्यांत मळमळ, छाती जड होणं, मधले डाग, थोडी चिडचिड हे होतं आणि बऱ्याचदा जातं. म्हणून पाकीट फेकायच्या आधी तीन महिन्यांचं कॅलेंडर गोळीआधीच्या दोन महिन्यांशेजारी मांडा. गोळ्यांच्या दिवसांवर पेन्सिलीने रेघ ओढा, कोऱ्या गोळ्यांचे दिवस मोकळे सोडा.

मोठे आकडे फक्त मोकळ्या दिवसांत असतील तर त्रास हार्मोन बंद होण्याचा आहे. मग गोळी सोडण्याऐवजी मोकळे दिवस कमी करायचे: २४/४ चं पाकीट, किंवा दोनतीन पाकिटं सलग घेऊन मग एकदाच सुट्टी. माझं दुखणं हेच निघालं. दुसऱ्यांदा गोळी घेतली तेव्हा रडू नेमकं चौथ्या आठवड्यात यायचं, आणि सलग पाकिटांनी ते जवळजवळ थांबलं.

मोठे आकडे हार्मोनच्या दिवसांत असतील, गोळीआधी ते नव्हते आणि तिसऱ्या महिन्यातही उतरत नसतील, तर प्रोजेस्टिन बदलून बघण्यासारखं आहे. बदल एका वेळी एकच करा. गोळी बदलली, जिम लावलं, साखर सोडली, सगळं एकाच आठवड्यात केलं तर कशाने बरं वाटलं हे कधीच कळणार नाही. दोन वेगळ्या प्रोजेस्टिनवर तोच अनुभव आला तर रोजची गोळी सोडून मधूनमधून प्रोजेस्टेरॉन, किंवा तांब्याची कॉपर-टी आणि पीसीओएसवर वेगळे उपचार, असा विचार करा.

आकडे गोळीआधी ३-४ होते आणि आताही तेच असतील तर गोळी बिचारी निर्दोष आहे. मनासाठी वेगळी मदत घ्या. पीएमडीडीवर एसएसआरआय चांगली काम करतात, आणि काहींना ती फक्त पाळीआधीचे दोन आठवडे घेऊनही भागतं.

कॅलेंडर बाजूला ठेवायची वेळ

जगणं नको वाटलं, स्वतःला इजा करावीशी वाटली, दोन आठवडे उठवत-जेववत नाही अशी अवस्था झाली, तर तीन महिन्यांचा नियम विसरा. त्याच दिवशी घरातल्या एकाला सांगा, डॉक्टरांकडे जा, गोळी थांबवायची का ते तिथेच ठरवा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस आणि मराठीतही मिळते. पूर्वी असं होऊन गेलं असेल तर गोळी सुरू करतानाच नवऱ्याला किंवा बहिणीला सांगून ठेवा: ‘मी बदललेय असं वाटलं तर मला बोल.’ स्वतःला ते सगळ्यात शेवटी कळतं.

एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखून धाप लागणं, पूर्वी कधी न झालेली भयंकर डोकेदुखी, अचानक अंधुक दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, पोटात असह्य कळ, यांपैकी काहीही झालं तर गोळी बंद आणि थेट दवाखाना. तिथे पहिल्या वाक्यात ‘मी हार्मोनची गोळी घेते’ असं सांगा. विचारण्याची वाट पाहू नका.

सगळं सुरळीत असेल तर वर्षातून एकदा रक्तदाब आणि एक भेट पुरते. मधे ‘शरीराला आराम’ म्हणून महिनाभर गोळी सोडायची गरज नसते. उलट सोडून पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या महिन्यांत गुठळीचा धोका वर जातो. कायमची बंद करायची असेल तर चालू पाकीट संपवून करा आणि फुल्या-आकडे आणखी तीन महिने लिहीत राहा. ९० दिवस झाले तरी पाळी आली नाही तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग ते कॅलेंडर काखेत मारून डॉक्टरांकडे.